रसद नेणारे चौघे

८ जुलै २०११ रोजी फ्लॉरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून ‘अटलांटिस’ हे यान अखेरच्या उड्डाणास निघाले, तेव्हा त्या मोहिमेचे प्रयोजन अगदी साधे होते : आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात वस्ती करून असलेल्यांस सुमारे वर्षभराची रसद पोहोचविणे. ‘राफाएलो’ नामक इटालियन बनावटीच्या कोठीत चार टनांहून अधिक सामानसुमान रचलेले होते; त्याच्या उतरणीची जबाबदारी पथकातील अंतराळवीर सांड्रा मॅग्नस यांजकडे होती, आणि पूर्वी त्याच स्थानकात कित्येक महिने राहिलेल्या व्यक्तीकडे ती असावी, हे मला फार उचित वाटते.

एरवी सहा-सात जणांचे पथक जाई. या खेपेस फर्ग्युसन, हर्ली, मॅग्नस व वॉलहाइम हे चौघेच निघाले, कारण यानास इजा झाल्यास सुटकेसाठी धाडावयास दुसरे यान सिद्ध नव्हते. तसा प्रसंग ओढवलाच, तर स्थानकातच मुक्काम करून रशियाच्या सोयुझ यानांतून एकेकाने परतावे, अशी तजवीज होती, आणि त्यात शेवटच्या माणसास सुमारे वर्षभर तिष्ठावे लागले असते. त्यासाठी प्रत्येकाच्या मापाचा रशियन पोशाख व आसनाचा साचा आधीच करवून घेण्यात आला होता. ज्या प्रसंगाची कोणीही इच्छा करीत नाही, त्याची मापे शांतचित्ताने देण्यातील धैर्य मला प्रत्यक्ष उड्डाणातील धैर्याहून तसूभरही उणे वाटत नाही.

ते साचे वापरावे लागले नाहीत. २१ जुलैस यान सुखरूप उतरले, आणि स्थानकातील एक नादुरुस्त पंपही तपासणीसाठी सोबत आला.