पकड कुणाची?

बेळगाव-निपाणी भागात कबड्डीचा चुरशीचा सामना संपला, तरी मैदानाभोवतीची माणसं लगेच पांगत नाहीत. मराठीत सुरू झालेला वाद मध्येच कन्नडमध्ये शिरतो आणि पुन्हा मराठीत येतो. शेवटची पकड कुणाची? घोटा धरला कॉर्नरने. पण परतीची वाट बंद केली ती कव्हरने. गुण मात्र एकाच नावावर जातो. हा वाद मला खेळाइतकाच मोलाचा वाटतो. तो करता करता प्रेक्षक न्याय करायला शिकतो.

तेरा बाय दहा मीटरच्या मैदानाच्या अर्ध्या भागात सात जण उभे असतात: दोन कॉर्नर, त्यांचे हात धरलेले दोन इन, दोन कव्हर आणि मधला सेंटर. चढाईला तीस सेकंद. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर. चढाईपटूने बोनससाठी पाय टाकला की कॉर्नर घोट्यावर झेपावतो. पण धरलेला माणूसही अंग झोकून देतो आणि त्याचं बोट मध्यरेषेला टेकलं की पकडणाराच बाद. म्हणून कॉर्नर झेपावतो तो शेजाऱ्याच्या भरवशावर. कव्हर अर्धं पाऊल उशिरा आला, तर अचूक धरलेला घोटाही वाया जातो. त्या जागेवरचं कौशल्य कॉर्नरचं असतं, पण त्याचं यश जोडीचं असतं.

शिवाय इथे कुणाला एकच काम नसतं. मुख्य चढाईपटूलाही परतल्यावर साखळीत उभं राहावं लागतं. रग्बी लीगमध्येही तेच तेरा खेळाडू आक्रमण करतात आणि तेच बचावाची फळी धरतात. बचावात सर्वांत मागे उभा असलेला फुलबॅक चेंडू मिळाला की आक्रमणाच्या ओळीत येऊन मिळतो. अशा खेळांत जागा म्हणजे उभं राहायचा ठिपका नसतो. शेजाऱ्याला दिलेला तो शब्द असतो.

बेळगावला लागून असलेल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा चढाईपटू सिद्धार्थ देसाई २०१९च्या प्रो कबड्डी लिलावात १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्यामुळे प्रत्येक पोराला चढाईपटूच व्हायचं असेल, तर कॉर्नरला कोण उभं राहणार? १९९० पासून आशियाई स्पर्धेत सलग सात सुवर्णपदकं जिंकलेला भारत २०१८ साली जकार्तात उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असा हरला. आपल्याकडे नावाजलेले चढाईपटू होते. इराणच्या बचावात फजल अत्राचली डाव्या कोपऱ्यावर होता आणि त्याच्या झेपेला शेजाऱ्यांची साथ होती. आपली गुणसंख्या अठरावरच थांबली.

गावोगावच्या स्पर्धांत उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड अशी दोन वैयक्तिक बक्षिसं असतात. पहिलं एकाला देणं योग्यच आहे, कारण चढाईला माणूस एकटा जातो. पकडीचं बक्षीस मात्र कॉर्नर आणि कव्हरच्या जोडीला द्यावं, दोघांची नावं एकत्र पुकारावीत. मैदानाभोवतीच्या माणसांनी वाद घालून जे ओळखलं आहे, ते आयोजकांनीही मान्य करावं. मग कॉर्नरला उभं राहायला पोरं आपणहून पुढे येतील.