मूळ संहिता आणि विश्वासाचे स्थान

ज्याची मूळ संहिता हाती आहे त्यावरच विश्वास ठेवावा, ही भूमिका साहित्याच्या अभ्यासकाला परिचयाची आहे. संगणकाच्या क्षेत्रात तिचा आग्रही आविष्कार जेंटू लिनक्समध्ये दिसतो. बहुतेक प्रणाली यंत्रभाषेत आधीच उतरवलेले प्रोग्राम पुरवतात. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवर आधारलेली असल्यामुळे याच परंपरेतली. जेंटूचा वापरकर्ता मात्र सोर्स कोड आणून आपल्याच कंपायलरने प्रोग्राम बांधतो. दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरसारख्या सरकारी वसाहतीत, दिवसभर दुसऱ्याने सिद्ध केलेल्या संगणकावर काम करणाऱ्या एखाद्याला घरी असे स्वामित्व हवेसे वाटले, तर ते समजण्याजोगे आहे.

हे स्वामित्व कष्टाचे असते. कंपायलर नवा आला म्हणून जुने प्रोग्राम नवे होत नाहीत. संरक्षक फ्लॅगांचेही तसेच. स्टॅक प्रोटेक्टरचा फ्लॅग दिला असता फंक्शनच्या परतीच्या पत्त्याअगोदर एक गुप्त संख्या ठेवली जाते. परतताना ती बदललेली आढळली, तर प्रोग्राम तेथेच थांबतो. दुसऱ्या एका फ्लॅगामुळे प्रोग्राम दर वेळी स्मृतीत वेगळ्या जागी ठेवता येतो, म्हणजे घुसखोराला पत्ता आधी ठाऊक राहत नाही. पण ही कवचे त्यानंतर बांधलेल्या प्रोग्रामांनाच लाभतात. २०१७ च्या अखेरीस जेंटूने हे दुसरे कवच आपल्या मूळ मांडणीतच घेतले, तेव्हा सगळी प्रणाली पुन्हा बांधून घ्या, असे वापरकर्त्यांना सांगावे लागले. या फ्लॅगांमागील दृष्टी लक्षणीय आहे. लिहिणाऱ्याची चूक कोठेतरी राहिली असणारच, असे ते गृहीत धरतात आणि बिघडलेल्या अवस्थेत चालत राहण्यापेक्षा थांबणे श्रेयस्कर मानतात. पुष्कळ नीतिशास्त्रांना एवढी विनम्रता साधलेली नाही.

परंतु ज्या कंपायलरने हे सारे बांधायचे, तो कोणी बांधला? केन टॉमसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की, कंपायलरमध्ये दडवलेला दगा पुढच्या आवृत्तीत स्वतःला उतरवू शकतो आणि मूळ संहितेत त्याचा मागमूसही राहत नाही. जीसीसी हा कंपायलर स्वतःला तीन टप्प्यांत बांधतो आणि शेवटच्या दोन टप्प्यांची निष्पत्ती जुळते की नाही, ते पाहतो. पण दगा दग्याशी जुळला, तर त्यात नवल ते काय? तोच कंपायलर दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरच्या साह्याने बांधून निष्पत्ती ताडून पाहावी, हा डेव्हिड व्हीलर यांचा उपाय भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण करून देतो. एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षी नव्हेत. परस्परांपासून दूर राहिलेल्या दोन अधिक सांगतात.

लक्ष्मीबाईंच्या नावाशी निगडित असे एक मराठी प्रकरणही येथे आठवावे. झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहिलेल्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तो हस्तलिखितात फेरफार करून. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुढे आणला. वैद्यांचा हेतू दगाबाजीचा खचितच नव्हता. तरी जवळजवळ साठ वर्षे छापील प्रतच गोडसे भटजींचा शब्द म्हणून वाचली गेली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनात जो दगा उघडकीस आला, त्याने नेमकी हीच फट हेरली होती. त्याला चालना देणारा बांधणीचा भाग सार्वजनिक भांडारात नव्हता. वितरणासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात होता. दोहोंना सोर्सच म्हणतात, आणि घरी बांधणाऱ्याच्या हाती सामान्यतः गठ्ठाच पडतो.

तेव्हा स्वावलंबन हा शब्द येथे फसवा ठरतो. घरी बांधणारा दुसऱ्यावर कमी विसंबतो, असे नाही; कोणत्या कंपायलरने, कोणते फ्लॅग देऊन बांधले हे तो सांगू शकतो आणि दुसऱ्याला ते ताडून पाहता येते. त्याचे श्रेय एवढेच, आणि ते थोडे नव्हे. एक्सझेडमधील दगा आंद्रेस फ्रॉइंड यांना सापडला, तो लॉगिनला अर्धा सेकंद अधिक लागतो, ही बाब त्यांना खटकली म्हणून. त्यांचे यंत्र मात्र डेबियनचे होते. त्यावरचे प्रोग्राम दुसऱ्यांनी बांधलेले होते.