संघ कुणाचा होता?

महिंद्रा युनायटेड हा फुटबॉल संघ २०१० साली कंपनीनं बंद केला. यापुढे शालेय फुटबॉलवर भर देणार, असं तेव्हा सांगण्यात आलं. या संघानं २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली नॅशनल फुटबॉल लीग जिंकली होती. त्या स्पर्धेच्या सगळ्या इतिहासात मुंबईला मिळालेलं हे एकमेव विजेतेपद. होजे बारेटो, याकुबू युसिफ, स्टीव्हन डायस यांनी ती लाल जर्सी घातली होती. इतका मोठा संघ एका निर्णयासरशी गेला आणि शहरात त्याची फारशी चर्चासुद्धा झाली नाही. मला त्या संघाइतकीच त्या शांततेचीही आठवण येते.

त्यांचं घरचं मैदान कूपरेज. आम्हा पनवेलकरांसाठी ते मुंबईच्या दुसऱ्या टोकाला. हार्बर लोकलनं शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं, हुतात्मा चौकातून पुढे ओव्हल मैदान ओलांडायचं, आणि महर्षी कर्वे रस्त्यावर मैदानाची भिंत दिसली की पाय आपोआप भराभर पडायला लागायचे. मैदान इतकं लहान की खेळाडूंनी एकमेकांना मारलेल्या हाका वरपर्यंत ऐकू येत. टीव्हीवरच्या युरोपियन फुटबॉलमध्ये हे सुख नाही. बचावपटू गोलरक्षकावर का ओरडला, मधल्या फळीतल्या कुणी पळणं सोडलं, हे सगळं समोर उघडं पडायचं. पण मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आले की मुंबईतले बंगाली प्रेक्षक स्टँड भरून टाकत, गोव्याचा संघ असला की गोंयकार येत. त्या दिवशी घरचा संघच पाहुणा वाटायचा. याचं मला तेव्हाही वाईट वाटे आणि आजही वाटतं, कारण पुढे जे घडलं त्याचं मूळ तिथंच होतं असं माझं मत आहे.

मुंबईचं फुटबॉल कंपन्यांनी पोसलं. टाटा, मफतलाल, एअर इंडिया, आरसीएफ, ओएनजीसी, दोन्ही रेल्वे, बँका. नेव्हिल डिसूझा यांचंच पाहा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. मुंबईत ते टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळले. कॅल्टेक्सचं पुढे सरकारीकरण झालं, ती हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. आज पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या माणसाला या कंपनीच्या पोटात एके काळचा एक गाजलेला फुटबॉल संघ आहे, हे कुठून कळणार? कंपनीचं नाव गेलं की संघाचं नावही जातं, आणि नाव गेलं की त्याला हाक मारणारं कुणी उरत नाही.

तरी कंपनी-संघांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. या संघांनी खेळाडूंना नोकरी दिली. गुडघा गेला तरी पगार चालू राहायचा, खेळ संपल्यावर टेबल-खुर्ची असायची, घरच्यांना काळजी नसायची. चाळीतल्या, कोळीवाड्यातल्या, रेल्वे वसाहतीतल्या मुलासाठी फुटबॉल हा पोटाचा रस्ता होता, आणि तो रस्ता कंपन्यांनीच बांधला. आजच्या करारी खेळाडूच्या वाट्याला ही निश्चिंती नाही. कूपरेजची हुरहुर वाटते त्यात हाही एक भाग आहे, आणि तो रास्त आहे. या व्यवस्थेत प्रेक्षकाला मात्र कुठंच जागा नव्हती. तो तिकीट काढून यायचा, ओरडायचा, निघून जायचा. संघ बंद करताना त्याला विचारायचं कारणच नव्हतं.

कोल्हापुरात हे असं झालं नसतं. तिथं शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि दिलबहार, किंवा शिवाजी तरुण मंडळ आणि बालगोपाल समोरासमोर आले की पेठाच्या पेठा लोटतात. खेळाडू गल्लीतला, वर्गणी गल्लीतली, आणि हरल्यावर जाब विचारणाराही गल्लीतलाच. ईर्ष्येतून हाणामाऱ्या होतात, तेही खरं. देशाच्या मोठ्या लीगमध्ये या संघांचं नाव नाही. पण तालीम बंद करायची म्हटली तर अख्खी पेठ दारात उभी राहील. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला हलवायला २००२ साली परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला, खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या प्लाऊ लेनवर नवं मैदान उभं केलं. तिथल्या लोकांनी आठवणीवर हक्क सांगितला. आपण मुंबईकर, आणि आम्ही पनवेलकरही, तो सांगू शकलो नाही.

महिंद्रानंतर मुंबई एफसी होता, तोही एका उद्योगसमूहाचा. खालिद जमील यांनी तुटपुंज्या साधनांवर त्याला वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये टिकवलं. २०१७ मध्ये तो खाली घसरला आणि त्याचा वरिष्ठ संघही संपला. आज मुंबई सिटी हा संघ अंधेरीत खेळतो. सुरुवातीला तो नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायचा, आम्हाला किती जवळ! आता तर सिडकोनं पनवेल तालुक्यातच, खारघरला फुटबॉल केंद्र उभारलं आहे. तिथं सराव करणाऱ्या मुलांना मैदान आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

कूपरेजवर अजूनही मुंबईच्या स्थानिक लीगचे सामने होतात, कृत्रिम हिरवळीवर. १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो नेणारी हैदराबाद सिटी पोलीस यांच्या आठवणी या मैदानाशी जोडलेल्या आहेत. महिंद्राच्या विजेतेपदाला जेमतेम वीस वर्षं होताहेत; ते खेळाडू, ते प्रेक्षक अजून बोलू शकतात. कंपनी-संघांमधले सत्तरीतले, ऐंशीतले खेळाडू मात्र फार काळ थांबणार नाहीत; त्यांच्या आठवणी आताच नोंदवायला हव्यात. त्यांच्या घरी जुने फोटो असतील, वर्तमानपत्रांची कात्रणं असतील, संघाचे ब्लेझर असतील. टाटांचं ऐतिहासिक दप्तर पुण्यात जपलेलं आहे. टाटांच्या संघाचा शोध तिथून सुरू करता येईल. बाकीच्या संघांसाठी एकेका निवृत्त खेळाडूचं दार ठोठावावं लागेल, आणि हे काम फुटबॉल संघटनेनं हाती घेतलं नाही तर स्टँडमध्ये बसणाऱ्या आम्हीच ते करायला हवं.