पत्रिका आली, आवतण नाही

आत्याच्या परसदारी आम्ही दोघी सोलाणे सोलत बसलो होतो. जानेवारीतला ताजा हरभरा. घाट्यांवर अजून आंब होती, त्यामुळे बोटं चिकट झालेली. तोंडाला हात लागला की ओठ आंबट व्हायचे. माझा फोन पाटाशेजारी पडला होता आणि त्यावर ती पत्रिका उघडी होती. आत्यानं चष्मा वर करून ती दोनदा वाचली.

‘जाणार ना?’

‘अजून ठरलं नाही.’

‘त्यात ठरवायचं काय? मैत्रिणीच्या लेकीचं लग्न.’

मी नेमकी ‘मैत्रिणीच्या’ या शब्दाशीच अडले होते. पत्रिका आली होती ती व्हॉट्सअ‍ॅपवर. वर माझं नाव नाही, खाली एक ओळ नाही. फोन नाही, आवतण नाही. ओळखीच्या सगळ्यांना एका झटक्यात पाठवतात, तशी मलाही आली होती.

‘आत्या, आमचं भांडण झालं नाही. काहीच झालं नाही. तेच मला समजत नाही.’

1999 ते 2001 ही दोन वर्षं आम्ही मिरज-कोल्हापूर पास काढून शिवाजी विद्यापीठात एम. ए. मराठी केलं. गाडी कृष्णेचा पूल ओलांडायची तेव्हा आम्ही डबे उघडायचो, आणि पंचगंगेचा पूल येईपर्यंत तिचा डबा माझ्याकडे आणि माझा तिच्याकडे गेलेला असायचा. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. मध्यंतरी मी कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या संशोधनाबद्दल वाचलं. अनोळखी माणसाचा जिवलग व्हायला दोनशेहून जास्त तास एकत्र घालवावे लागतात, असा त्यांचा अंदाज आहे. नोकरीच्या जागी शेजारी बसून काढलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत, असंही ते म्हणतात. मी कागदावर हिशेब केला होता. आमचे नुसते गाडीतले तास नऊशेच्या घरात जातात.

‘मग ते नऊशे तास गेले कुठं?’ मी विचारलं.

‘गेले असं कोण म्हणतंय?’

‘मी म्हणते. गेल्या सहा वर्षांत सहा वेळा मीच फोन केला. तिचा एकही नाही.’

आत्या थांबली. हातातला घाटा तसाच राहिला.

‘सहा. म्हणजे मोजलेस.’

‘मोजावं लागतं. जिचा फोन येतो ती मोजत नाही. न येणारीची वाट बघणारीच मोजते.’

‘सासूनं दिलेल्या साड्या बायका मोजतात, तसे मोजलेस.’

मला राग आला. मी म्हटलं, हिशेब नको हे बोलायला छान आहे, पण मैत्रीत दुसरा आधार तरी कोणता? आईबापाचं नातं रक्तानं बांधलेलं असतं. नवऱ्याबायकोचं नातं कायद्यानं, मुलांनी, एका छपरानं. मैत्रीला यातलं काहीच नाही. ती फक्त एवढ्यावर उभी असते की दोघींनाही ती हवी आहे. एकीचं हवंसं वाटणं संपलं की दुसरीनं करायचं काय? धरून बसली तर ती लोचट. सोडून दिली तर मुळात मैत्रीच खोटी होती असं ठरतं. मला दोन्ही नको आहे.

‘तिचं हवंसं वाटणं संपलं, हे तुला कुणी सांगितलं?’

‘तिच्या गप्प राहण्यानं.’

‘गप्प राहणं काही सांगत नसतं बाई. आपणच त्याच्या तोंडी शब्द घालतो.’

‘फोन हातात असताना गप्प राहणं म्हणजे उत्तरच की. बोट उचलायचं आणि लावायचा. ती उचलत नाही.’

यावर आत्या जे म्हणाली ते मी त्या दिवसापासून घेऊन फिरते आहे. ‘तुमच्याकडे फोन आहे म्हणून तुम्हाला तुटलं असं वाटतं. आमच्याकडे नव्हता म्हणून आम्हाला राहिलं असं वाटायचं. मध्ये अंतर तेवढंच होतं.’

मी हरले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. कारण अंतराला दोष देता येत होता तेव्हा माणूस वाचत होतं. लग्न होऊन मुलगी बार्शीला गेली, पत्र येईना, तर दोष बार्शीचा. आता मी मिरजेत आणि ती पुण्यात, पण मध्ये काहीच उरलेलं नाही, म्हणून दोष थेट माणसावर येतो. तो खोटा कसा म्हणायचा? सोय वाढली की न करण्याचा अर्थही वाढतो. हे मी आत्याला तसंच्या तसं सांगितलं.

‘बरं. मग ती का लावत नाही ते मी सांगते,’ आत्या म्हणाली. ‘पहिल्यांदा राहून गेलं असेल. उद्या लावू. मग परवा. माणूस खोटं बोलत नसतं, त्याला खरंच उद्या लावायचा असतो. असे उद्या साठत जातात. वर्ष झालं की नुसता फोन लावून भागत नाही, आधी वर्षाचं कारण द्यावं लागतं. मग लाज वाटते. लाज वाटली की माणूस टाळतं, आणि टाळलं की अजून लाज वाटते. तुझा फोन वाजला की तिला तुझी आठवण होत नसेल, तिच्या चुकीची होत असेल. मग आपणहून कशाला लावेल?’

‘तिला लाज वाटते की ती मला विसरली, हे तुलाही माहीत नाही.’

‘नाही. पण तू वाईट तेच खरं धरलंस. मी म्हणते दोन्ही होऊ शकतं.’

इथे आमचं बोलणं बराच वेळ तिथल्या तिथे फिरत राहिलं. मी म्हणायची, माझ्या सहा फोनांनंतर आता पाळी तिची. ती म्हणायची, पाळी लंगडीत असते. मी म्हणायची, मलाही मान आहे. ती म्हणायची, मान जपायला साऱ्या जगाची माणसं पडलीत, एवढी एक जागा तरी मोकळी ठेव. मला हे पटत नव्हतं. बायकांना मान सोडायलाच शिकवलेलं असतं. माहेरी, सासरी, कचेरीत. मैत्री ही एकच जागा होती जिथं मी कुणापेक्षा खाली बसले नव्हते. तिथंही खाली बसायचं असेल तर ती जागा मला नको. आत्याला याचं उत्तर देता आलं नाही, निदान तिनं दिलं नाही. तिनं सोललेले दाणे चाळणीत ओतले आणि नवी पेंडी ओढली.

मग मी दुसरीकडून गेले. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा सिद्धांत तिला सांगितला. माणूस साधारण दीडशे जणांशी खरी ओळख ठेवू शकतो. त्यातही आतून बाहेर वर्तुळं असतात. सगळ्यांत आत पाचच्या आसपास, मग पंधरा, मग पन्नास. जागा ठरलेल्या. नवं कुणी आत आलं की जुनं कुणी बाहेर सरकतं.

‘म्हणजे आत्या, कधीतरी मी त्या पाचांत होते. मला काढून तिनं कुणाला घेतलं, एवढंच मला कळायला हवंय.’

‘सासूला घेतलं असेल,’ आत्या म्हणाली. ‘अंथरुणावर होती ना तिची सासू?’

मी काहीच बोलले नाही. हो, होती. अर्धांगाचा झटका आला होता. चौथ्या की पाचव्या फोनवर तिनं ते सांगितलं होतं आणि मी ‘काळजी घे’ म्हणाले होते.

‘अंथरुणावरच्या माणसाला पाचांत घ्यावंच लागतं,’ आत्या म्हणाली. ‘ते आवडीचं असो नसो. आता आहे का ती?’

मला माहीत नव्हतं. सहाही फोनांचे महिने मला माहीत होते. ती म्हातारी जिवंत आहे की नाही, हे माहीत नव्हतं.

आत्या बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होती. म्हणून असेल, किंवा मला त्या जागेवरून उठवायचं म्हणून असेल, ती एकदम टिळक-आगरकरांवर गेली. दोघंही 1856 चे. डेक्कन कॉलेजातली ओळख. 1880 ला शाळा, पुढच्या वर्षी केसरी, आणि आगरकर केसरीचे पहिले संपादक. कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या मजकुरापायी 1882 साली दोघं डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले. आणि मग आधी समाजसुधारणा की आधी राजकारण, यावरून फाटलं. 1887 ला आगरकरांनी केसरी सोडला, 1888 ला सुधारक काढला. 1890 ला टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. एकमेकांवर इतकं कठोर लिहिलं की वाचवत नाही. 1895 च्या जूनमध्ये आगरकर गेले, चाळिशी गाठायच्या आधी. केसरीत मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

‘तेव्हा सगळं संपलं असं कुणी म्हणू नये,’ आत्या म्हणाली.

‘मृत्युलेख वाचायला आगरकर नव्हते, आत्या.’

ती माझ्याकडे बघत राहिली.

‘आणि त्यांचं नशीब बघ,’ मी म्हटलं. ‘त्यांना भांडण तरी मिळालं. भांडणाला कारण असतं, तारीख असते, दोघांचा वाटा असतो. आगरकरांना टिळक का दुरावले हे पुरतं माहीत होतं. वैर धरायलासुद्धा समोर माणूस लागतं. माझ्यासमोर कोण आहे? मी माफ कशाबद्दल करू? मागू कशाची?’

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग तिनं स्वतःचं सांगितलं. हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या शेजारची, एका वर्गातली मुलगी. 1965 ला तिचं लग्न होऊन ती बार्शीला गेली. दोघी अंतर्देशीय पत्रं लिहायच्या. मग कळलं की सासरी ती पत्रं आधी मोठे दीर फोडतात आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. त्यानंतर लिहिण्यासारखं काही उरलं नाही. बार्शीकडे जाणारी छोटी गाडी मिरजेहूनच सुटायची. आत्या कधी गेली नाही. ती मैत्रीण वारल्याचं हिला दोन वर्षांनी, एका बारशात, तिसऱ्याच बाईकडून कळलं.

‘मधली तीसेक वर्षं मी म्हणत होते की आमचं तसंच आहे.’

मला विचारायला नको होतं, पण मी विचारलं. ‘आणि होतं का तसं?’

‘मी बघायला गेले नाही म्हणून होतं.’

म्हणजे फोन नव्हता म्हणून राहिलं, हे आपलं वाक्य तिनं स्वतःच्याच हातानं उलटं केलं. वाद जिंकल्यावर वाटतं तसलं मला काही वाटलं नाही. तिची बोटं आंबेनं काळपट झाली होती आणि ती ती पदराला पुसत होती, पुन्हा पुन्हा, डाग निघत नसताना.

‘म्हणून म्हणते जा,’ ती म्हणाली. ‘गोरज मुहूर्त आहे. कोयना एक्स्प्रेसनं गेलीस तर दुपारी पुण्यात पोचतेस. मागच्या रांगेत उभी राहा, अक्षता टाक, पोरीच्या हातात पाकीट दे. काही विचारू नकोस, काही सांगू नकोस. सासूची तेवढी चौकशी कर.’

‘आणि तिनं सगळ्यांकडे बघून हसतात तसं हसून मला नुसतं “जेवून जा हं” म्हटलं तर?’

‘तर जेवून ये.’

चार दिवस झाले, मी या उत्तराशी भांडते आहे. ‘जेवून जा हं’ हे आपण परक्याला म्हणतो. घरच्याला म्हणतो, ‘अगं, वाढायला ये.’ त्या मांडवात मला परक्याचं पान मिळालं तर मी ते गोड मानून घ्यायचं, असं आत्याचं म्हणणं आहे. जे मिळेल तेवढं घेण्यात कमीपणा नाही असं तिला वाटतं. मला अजूनही तो वाटतो. पण पान न बघताच, ते परक्याचं असेल असं मिरजेत बसून ठरवणं, हेही मला आता जड जातं. तिकीट काढलेलं नाही. लग्न सोळा दिवसांवर आहे. काल रात्री मी तिला ‘आई कशा आहेत?’ असं लिहिलं, आणि त्या नसतील तर हे वाचून तिला काय वाटेल या विचारानं पुसून टाकलं.