निनावी थडगी

मृत्यूशी मुलांची पहिली ओळख कोणी आणि कशी करून द्यावी? हा प्रश्न प्रवचनात क्वचित येतो आणि घरात तर बहुधा टाळलाच जातो. मीही तो टाळला होता. तो टाळणे मला जेथे अशक्य झाले ते शहर न्यूयॉर्क, आणि तो दिवस ३१ ऑक्टोबर, हॅलोविनचा.

२०२३ साली मी मुलाकडे राहावयास गेलो होतो. त्याचे घर क्वीन्स विभागातील सनीसाइड येथे आहे. ऑक्टोबर उजाडताच त्या महानगराचे रूप पालटते. घरांच्या पायऱ्यांवर भोपळे मांडले जातात, कुंपणांवर खोटी कोळिष्टके चढतात, अंगणांत सांगाडे खुर्च्या टाकून बसतात. कुटुंबांसाठी तर करमणुकीची रेलचेल असते. क्वीन्समध्ये १६९७ पासूनची एक शेती संग्रहालय म्हणून जतन केली आहे. तेथे मुले भोपळे निवडतात आणि मक्याच्या उंच ताटांतील भूलभुलैयात वाट शोधतात. हडसन नदीच्या काठाने उत्तरेकडे गेले की क्रोटन गावी एका जुन्या वाड्याच्या आवारात हजारो कोरीव भोपळे रात्री उजळलेले दिसतात. त्याच वाटेवर स्लीपी हॉलो लागते. वॉशिंग्टन आयर्विंग यांच्या १८२० मधील बिनडोक्याच्या घोडेस्वाराच्या कथेने हा परिसर इतका गाजला, की नॉर्थ टॅरीटाउन नावाच्या गावाने १९९६ मध्ये आपले मूळ नाव टाकून कथेतलेच नाव धारण केले.

या साऱ्यांत मोठी ती मॅनहॅटनमधील ग्रीनिच व्हिलेजची मिरवणूक. मुखवटे आणि बाहुल्या घडविणारे कलावंत राल्फ ली यांनी १९७४ मध्ये ती आपल्या मुलांसाठी व शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी सुरू केली. घराघरांवरून जाणारी ती छोटी फेरी वाढत वाढत शहराचा उत्सव झाली. २००१ साली ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला अवघे सात आठवडे लोटले होते. तरीही मिरवणूक निघाली, आणि तिच्या अग्रभागी राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याची भव्य बाहुली होती. त्या वर्षी मुखवट्यांमागे खरे मृत होते आणि शहराला त्यांची नावे ठाऊक होती. म्हणूनच तो खेळ कोणाला पोरकट वाटला नसावा.

हॅलोविनचे नाव काढताच त्यात सैतानाचा हात पाहणारे काही श्रद्धावंत आपल्यात आहेत. त्यांच्या कळकळीचा आदर राखून म्हणावेसे वाटते, की या शब्दाचा अर्थच मुळी सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या असा आहे. नवव्या शतकात पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळी १ नोव्हेंबरचा सण पश्चिमेच्या ख्रिस्तसभेत सर्वत्र रुजला. क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस २ नोव्हेंबर हा मृत भाविकांच्या स्मरणाचा दिवस ठरविला. पुढे इंग्लंडमध्ये गोरगरीब या दिवसांत दारोदार जाऊन ‘आत्म्याची पोळी’ मागत आणि तिच्या मोबदल्यात त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत. आज मुले दारात उभी राहून गोळ्या-चॉकलेटे मागतात, त्या प्रथेचा एक धागा येथवर पोहोचतो. मागणे टिकले, देणे गळून पडले. आणखी एक योगायोग नोंदवावासा वाटतो. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांच्या काळी उपासना-दिनदर्शिकेत सुधारणा झाल्या, तेव्हा सकल संतांच्या सणाची ही पूर्वसंध्या तिच्यातून वगळण्यात आली. वेदीवरून उतरलेली ती संध्या रस्त्यावर मात्र फोफावत गेली.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. त्या संध्याकाळी सात वर्षांचा माझा नातू हाडांचे चित्र असलेला काळा झगा घालून दारोदार फिरत होता आणि मी पिशवी घेऊन त्याच्या मागे चालत होतो. एका अंगणात थर्माकोलची चार-पाच थडगी रोवलेली होती. तो थबकला आणि विचारता झाला, “आजोबा, यात कोण आहे?”

“कोणी नाही रे,” मी म्हणालो.

तो हसून पुढच्या दाराकडे धावला. मी मात्र तेथेच खिळलो.

त्याची आजी, म्हणजे माझी पत्नी, २०२१ मध्ये वारली. महामारीचे दिवस होते; मुलाला येणे जमले नाही. वसईत दफनविधी चालू असताना न्यूयॉर्कच्या त्या घरात माझा मुलगा बंद दाराआड फोनच्या पडद्यावर आपल्या आईला निरोप देत होता. दाराबाहेर पाच वर्षांचा नातू खेळत होता. “त्याला काय सांगू?” असे मुलाने मला विचारले, तेव्हा मीच म्हटले होते, “लहान आहे, सांग आजी गावाला आहे.” पोराने काही महिने विचारले, मग विचारणे सोडून दिले. ज्या घराने त्याच्यापासून एक खरा मृत्यू लपविला, त्याच घराने त्याला सांगाड्याचा झगा विकत आणून दिला होता. या विसंगतीत दोष अमेरिकेचा नव्हता. तो माझा होता.

मृत्यू मुलांपासून दडविणे आणि मृत्यूचे खेळणे करणे या दोन गोष्टी आपल्याला परस्परविरुद्ध वाटतात. विचारांती मला त्या एकाच भयाच्या दोन बाजू भासतात. अंगणातील सांगाडा कोणाचाच नसतो, म्हणूनच त्याला हसता येते. त्याने कधी आपल्याला जेवू घातलेले नसते, रागे भरलेले नसते, रात्री उशाशी बसून जपमाळ म्हटलेली नसते. निनावी मृत्यूला घाबरणे सोपे आणि त्याची थट्टा करणे त्याहून सोपे. कठीण असते ते नाव असलेल्या मृत्यूकडे पाहणे.

मग मृत्यूला हसूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. पुनरुत्थानावर विसंबून संत पौलानेही मृत्यूला त्याच्या विजयाचा जाब विचारला आहे आणि संत फ्रान्सिस यांनी मरणसमयी त्याला भगिनी म्हणून हाक मारली. पण पौलाने छळ सोसला होता आणि फ्रान्सिस यांनी कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या होत्या. त्यांचा निर्भयपणा मृत्यूला पाहून आलेला होता. आपला, न पाहण्यातून आलेला. पहिल्याला श्रद्धा म्हणतात, दुसरी केवळ करमणूक. करमणूक पाप नव्हे, परंतु शोकाच्या दिवशी ती आपल्या काही उपयोगी पडत नाही.

मुलांचे कोवळे मन दुखावेल ही आपली भीती खोटी नाही. तथापि माणूस नाहीसा व्हावा आणि त्याचे नावही कोणी काढू नये, हे लहान जिवाला अधिक भेसूर वाटत असले पाहिजे. भुताच्या कल्पनेचे मूळच कदाचित येथे असेल: ज्यांचा नीट निरोप घेतला गेला नाही, ती माणसे आपल्या मनात भुते होऊन राहतात.

दोन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, शाळा सुटल्यावर मी नातवाला जवळच्या कॅल्व्हरी दफनभूमीत घेऊन गेलो. न्यूयॉर्कच्या कॅथलिकांची ही दफनभूमी १८४८ मध्ये सुरू झाली. सुमारे ३० लाख माणसे तेथे विसावली आहेत. थडग्यांच्या दाटीमागे मॅनहॅटनच्या गगनचुंबी इमारती उभ्या दिसतात. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात आयर्लंड सोडून आलेले असंख्य निर्वासित या मातीत आहेत. त्याच लोकांनी हॅलोविनची रात्र या देशात रुजविली. मायदेशी ते सलगम कोरून दिवे करीत, येथे त्यांना भोपळा मिळाला. उत्सव घेऊन येणाऱ्यांची थडगी ही अशी चालत जाण्याच्या अंतरावर होती.

नातवाने एका जुन्या दगडावर बोट ठेवून पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी नाव वाचून दाखविले. मग खाली बसून त्याला आजीबद्दल सांगितले. तो रडला नाही. “तिच्या दगडावरही नाव आहे का?” एवढेच त्याने विचारले. आहे म्हटल्यावर त्याने ते पूर्ण नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. रात्री मी मुलाला व सुनेला झाला प्रकार सांगितला. सून बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, “तो मला म्हणाला होता, आजी माझ्यावर रागावून बोलत नाही का? मी विषय बदलला होता.”

आपल्याकडेही मुंबईच्या मॉल्समधून आणि गृहसंकुलांतून हॅलोविन आता आला आहे. त्यावर बंदीची भाषा करण्यापेक्षा आपण त्याचे अपुरेपण भरून काढावे, असे मला वाटते. ३१ तारखेला मूल झगा घालून नाचले तर नाचू द्यावे. पण २ तारखेला त्याच मुलाच्या हाती झेंडूची फुले आणि मेणबत्ती द्यावी, त्याला घरच्या थडग्यापाशी न्यावे, क्रूसावरची धूळ त्याच्याकडून पुसून घ्यावी आणि तेथले नाव त्यालाच वाचू द्यावे. वाचता येत नसेल, तर आपण वाचावे. पुढचे प्रश्न ते स्वतःच विचारील. त्या वेळी आपण विषय बदलू नये.