मोरीपलीकडचे सोवळे

गेल्या एकादशीला कांदिवलीतल्या आमच्या इमारतीत घरोघर साबुदाणावडे तळले गेले. द्वादशीला सकाळी पारण्याच्या स्वयंपाकाच्या वेळी तळमजल्याची मोरी उलटी भरून आली. गटार साफ करणारा मनुष्य बोलावला. त्याने बांबूची कामटी घालून पांढरट, चिकट गोळा ओढून काढला. त्यात तान्ह्या मुलांना पुसायचे वाइप्स गुंतलेले. सगळा गोळा निघेना, तेव्हा आमच्यातलाच एकजण म्हणाला, "ए, जरा आत उतरून बघ की!" तो शांतपणे म्हणाला, "आत वायू असतो, काका. मशीन मागवा."

आम्ही गप्प झालो. वारीत भेटेल त्याला माऊली म्हणून पाया पडणारे आम्ही, आणि दारी आलेल्याला 'ए'?

त्याचे म्हणणे खरे होते. कढईतले तेल-तूप गरम असते तोवर वाहते. पुढे नळीत निवले की कडेला धरते आणि पाण्यातल्या, सिमेंटातल्या चुन्याशी मिळून साबणासारखे घट्ट होते. बहुतेक वाइप्समध्ये प्लॅस्टिकचे धागे असतात. ते विरघळत नाहीत, थरात अडकतात. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात २०१७ साली असाच गोळा सापडला, २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा! पाणी तुंबले की मैला कुजतो आणि विषारी वायू साठतो. त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो; पण वायू फार झाला की नाकाला वासच कळत नाही, आणि माणूस कोसळतो. मैल्याच्या बंद जागेत उतरणे जिवावरचेच. मार्च २०२२ मध्ये ह्याच कांदिवलीत, एकतानगरात, सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत तीन कामगार प्राणास मुकले.

कोणी म्हणेल, आम्ही कर भरतो, हे काम महापालिकेचे. रस्त्याखालचे गटार तिचे खरे, पण आवारातली नळी आमची. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती सोसायटीलाही लागू आहे. अशा मृत्यूची भरपाई सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण गेलेला बाप त्याने घरी येतो का?

दुसरा म्हणेल, वाटीभर तेलाने काय होते? निदान वारकऱ्याने तरी असे म्हणू नये. एकेक पाऊल टाकूनच पंढरी गाठता येते हे ज्याला पटले, त्याने एकेक वाटीही मोजावी.

खरा प्रश्न सोवळ्याचा आहे. आपला ओटा लख्ख केला आणि मळ दुसऱ्याच्या अंगावर लोटला, तर घर शुद्ध झाले, की मळाने नुसती जागा बदलली? १९५६ साली देह ठेवलेले गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. ते परक्यांची घाण स्वतः काढीत. आम्ही आमची घाण परक्याकडून काढवतो.

तेव्हा कढई निवू द्यावी, कागदाने पुसावी, मग घासावी. उरलेले तेल बाटलीत भरावे, वाइप्स कचऱ्याच्या डब्यात टाकावे. नळी तुंबलीच तर मशीन मागवावे. आणि कामाला माणूस आला, तर आधी म्हणावे, "या माऊली, बसा, पाणी घ्या."

रामकृष्णहरी.