मागची मोकळी जागा कुणाची?

परभणीत घर बघायला गेलो तेव्हा आधी ईशान्य कोपरा बघितला. देवघर कुठे, पाणी कुठे, दार कोणत्या तोंडाचं. माझी या गोष्टींवर श्रद्धा आहे. घर मनात भरलं. मागे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. कृषी विद्यापीठात शिकणारी खेड्यापाड्यातली मुलं तिथे भाड्यानं राहत. घरमालक म्हणाले, "ताई, निम्मा हप्ता या खोल्याच फेडतील."

मंजूर नकाशा मागितला, तर त्यात त्या खोल्या नव्हत्याच. तिथे होतं सामासिक अंतर, म्हणजे मोकळी सोडायची जागा. मालकांनी महापालिकेच्या कराची पावती पुढे केली. इथे पुष्कळजण फसतात. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. कर वेगळा, परवानगी वेगळी. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियमावली आली. मागे खोली वाढवली तर तीही चटईक्षेत्रात, म्हणजे प्लॉटवरच्या बांधकामाच्या एकूण मर्यादेत, मोजली जाते, आणि सामासिक अंतरात राहण्याची खोली बांधता येत नाही. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला, असेल तर तो नियमित झाल्याचा आदेश वेगळा बघावा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला संधी मिळाली, पण ती आपोआप नाही. अर्ज करून शुल्क भरावं लागतं.

घरी हे म्हणाले, "अख्ख्या गल्लीत असंच आहे." तेही खरंच. मला मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. गरजू पोराला आसरा देणं हे पुण्य. मग पुण्याच्या आड नियम कसा येतो? आणि आला, तर मोठं कोण?

मे महिन्यात भर दुपारी मी त्या खोलीत जाऊन बसले. पत्रा इतका तापलेला की डोकं भणभणलं. खिडकीपुढे हातभरावर शेजारची भिंत, आणि त्या भिंतीत शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघराची खिडकी, कायमची लावलेली. एका पोरानं विचारलं, "काकू, तुम्ही घर घेतलं तर रात्री गच्चीवर झोपू द्याल का?"

मला उत्तर मिळालं. ज्याला मी आसरा म्हणत होते, तो त्या पोराच्या वाट्याचा वारा आणि आजींच्या वाट्याचा उजेड विकून उभा होता. सातबारा, खरेदीखत माझ्या नावावर होईल. पण त्या मोकळ्या पट्ट्यावर माझ्याइतकाच त्या दोघांचाही हक्क आहे. वास्तुशास्त्रसुद्धा घराच्या मधोमध ब्रह्मस्थान मोकळं ठेवायला सांगतं. सगळं आपलं असूनही थोडं न भरता सोडायचं, हे आपल्याला ठाऊक होतंच की.

अशा वेळी आठवते आमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची संत जनाबाई. परंपरा सांगते, लहानपणीच ती पंढरपुरात संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि तिथेच दासी म्हणून राहिली. ना मालकीण, ना नात्यातली. ते घर केवढं होतं हे कुणी विचारत नाही. तिथल्या जात्यापाशी विठ्ठल येऊन बसला, हे मात्र परभणीतल्या बायका आजही सांगतात. देव घरात कुठे येतो, याचं उत्तर मी त्या जात्यापाशीच शोधते. म्हणून आता कुणी घर दाखवायला नेलं की मी आधी मागची खोली बघते.

परभणीतलं ते घर आम्ही घेतलं. खोल्या पाडायच्या, ही अट सौद्यात घातली, आणि मुलांना दुसरीकडे जागा मिळेपर्यंत खरेदीखत थांबवलं. चटईक्षेत्र शिल्लक होतं. इंजिनिअरकडून नकाशा करून रीतसर परवानगी घेतली आणि वर स्लॅबची एकच खोली बांधली. भाडं निम्म्यावर आलं, हप्ता जड जातो. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत केला. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी घरमालकाचीच आहे.

गच्चीवर झोपायला मागणारा तो पोरगा आता वर राहतो. मागच्या पट्ट्यात मी तुळस लावली आहे. खोल्या पाडल्या त्याच आठवड्यात शेजारच्या आजींनी ती खिडकी उघडली. गंजलेली कडी निघेना, तेव्हा त्याच पोरानं तेल घालून ती सोडवली.